राजगृहातला तो फोटो

कवठे महांकाळ तालुक्यात समाजकार्याच्या निमित्ताने फिरताना बौद्ध घरांच्या भिंतींवर तथागतांची, बाबासाहेबांची, माता रमाईंची तसबीर आम्हांला हमखास दिसते. कुठे कुठे त्यांच्या शेजारी एक जुना काळा-पांढरा फोटोही असतो. फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात काढलेला. डावीकडून मुलगा यशवंत, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आणि लाडका कुत्रा टॉबी.

फोटो तर असंख्य निघतात. मग हाच लोकांच्या मनात का घर करून बसला?

पहिली गोष्ट, यात सभा नाही, भाषण नाही. वहिनी आणि पुतण्यासह नांदणारे एक घर आहे. कष्टकरी माणसाला त्यात आपलेच घर दिसते.

दुसरे कारण फोटोच्या चौकटीबाहेर आहे. रमाईंची चार लेकरे त्याआधीच गेली होती. फोटोनंतर सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, रमाईही गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. फोटो काढणाऱ्याला पुढचे काय ठाऊक? पाहणाऱ्याला मात्र सारे ठाऊक असते. म्हणून नजर रमाईंवर जाऊन थांबते.

तिसरे म्हणजे, लोकांनी तो जपला, पुस्तकांत छापला, भिंतीवर लावला. फोटो लोकच मोठा करतात.

पण फोटो मोठा होताना माणूस हरवूही शकतो. १९३६ साली अमेरिकेत डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी एका शेतमजूर आईचा फोटो काढला. तो जगभर गाजला. मात्र लँगबाईंनी त्या माऊलीचे नावच विचारले नव्हते. फ्लॉरेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळले १९७८ साली. त्या फोटोचा एक पैसाही आपल्याला मिळाला नाही, असे त्यांनी सांगितले.

राजगृहाच्या फोटोतली सगळी नावे टिकली, ही आपली मोठी शिदोरी आहे. फ्रेम करताना कडेची माणसे कापू नयेत. लक्ष्मीबाई आणि मुकुंद गेले, तर त्या फोटोतले घरच जाईल.

आणि आपल्या पेटीतले फोटो? धम्मदीक्षेचे, मोर्चाचे, आजीच्या लग्नाचे? त्यांतला उद्या कोणता मोलाचा ठरेल, सांगता येत नाही. मागच्या बाजूला हलक्या हाताने पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहून ठेवा. ओळखणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होईल.