तांबड्या रश्शातली मिरची जहाजातून आली, आणि गोव्याचा एक कलाकार तीच गोष्ट सांगतोय

कुरुंदवाड कृष्णाकाठचं गाव. इथून समुद्राकडे जायचं तर मध्ये अख्खा सह्याद्री आडवा येतो. मग समुद्राचा आणि आपला काय संबंध?

संबंध रोजच्या ताटात आहे. तांबडा रस्सा जिच्यामुळं लाल होतो ती मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला आणि सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची इकडं आली. त्याआधी आपल्याकडं तिखटासाठी मिरी वापरायचे. मिरचीच्या नावातही मिरी दिसतेच की.

हीच देवाणघेवाण कलेतून मांडणारा माणूस म्हणजे गोव्याचे डॉ. सुबोध केरकर. नावापुढचं डॉक्टर खरं आहे. ते वैद्यकीय व्यवसायात होते, पण तो सोडून पूर्णवेळ चित्रकार झाले.

सुरुवात जलरंगांनी झाली. पुढं त्यांनी कागद सोडून थेट किनारा गाठला. वाळू, शिंपले, जुन्या होड्यांची लाकडं घेऊन ते मांडणशिल्पं करू लागले. मांडणशिल्प म्हणजे एखाद्या जागेत वस्तू अशा मांडायच्या की ती जागाच कलाकृतीचा भाग होते. किनाऱ्यावरच्या कामात भरती आली की काम संपलं, उरतो तो फक्त फोटो.

चिनी मातीच्या बश्या त्यांनी समुद्राच्या तळाशी ठेवल्या. त्यांच्यावर कालवं वाढली आणि नक्षी समुद्रानंच केली. बश्याच का? कारण जुन्या सागरी व्यापारात चिनी भांडीही गोव्यात यायची. मिरचीची मोठाली शिल्पंही त्यांनी केली, त्यामागं हाच इतिहास आहे.

२०१५ मध्ये त्यांनी पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत 'म्युझियम ऑफ गोवा' सुरू केलं. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की होतं 'मोग'. कोकणीत मोग म्हणजे प्रेम.

पण ही गोष्ट नुसती गोड नाही. ज्या सत्तेच्या जहाजांतून मिरची आली, त्याच सत्तेनं गोव्यात देवळं पाडली आणि १५६० पासून इन्क्विझिशन चालवलं, म्हणजे धर्माच्या नावाखाली लोकांना शिक्षा देणारं न्यायालय. गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला.

म्हणून वारसा म्हटलं की दोन्ही बाजू बघाव्या लागतात. जुलूम विसरायचा नाही, आणि आलेलं सगळं परकं म्हणून नाकारताही येत नाही. नाकारायचं ठरवलं तर बटाटा, काजू, अननस, पाव, चावी हे शब्दही परत करावे लागतील, कारण तेही पोर्तुगीजांकडूनच आलेत.

मिरची बाहेरून आली म्हणून तांबडा रस्सा काही कमी कोल्हापुरी ठरत नाही. पुढच्या वेळी गोव्याला गेलात, तर बीचवरून थोडं आत पिळर्णलाही जाऊन या.