भाडे थकले, पण थापा कशाला?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले, २० सप्टेंबरपासून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. लासलगावात लिलाव थांबला की गोणी उचलणाऱ्या हमालाला आणि खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाईला हाजरी नाही. मग घरमालकापुढे सबबी सुरू होतात. गावाकडे म्हातारी आजारी आहे, बँकेचे मशीन बंद होते. पोराला पुढे करून "बाबा घरी नाहीत" म्हणायला लावतात, हे तर आम्हाला फार टोचते.

खरे कारण अख्ख्या बाजारपेठेला ठाऊक असताना खोटे का बोलावे? कारण खोली देताना आडनाव विचारलेले असते. ही गेली तर दुसरी कोण देणार?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ सर्वच गावांना लागू नाही. आपले गाव अनुसूचीत आहे का ते आधी पाहावे. लागू असेल तर थकबाकीसाठी लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबल्याशिवाय मालकाला दावा लावता येत नाही. त्यानंतरही समन्सपासून ९० दिवसांत थकबाकी, १५ टक्के व्याज व दाव्याचा खर्च न्यायालयात भरला आणि पुढे भाडे भरत राहिले, तर घर वाचते. भाडे देण्याची तयारी असणे हाच भाडेकरूचा आधार. थापेने ती तयारी सिद्ध होत नाही, चिठ्ठीने होते.

त्या बंदमध्ये एका हमालभावाला आम्ही लिहून दिले: लिलाव बंद आहेत, पाचशे आज घ्या, बाकी बाजार सुरू झाल्यावर. मालकाने पाचशे घेतले. पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती मागायला आम्ही दोनदा जाऊन आलो.