चेस्टनटच्या पिठाचं धिरडं

इटली १८६१ साली एक देश झाली. तिची स्वयंपाकघरं मात्र आजतागायत एक व्हायला तयार नाहीत. मिलानकडे लोणी आणि भात, नेपल्सकडे ऑलिव्हचं तेल आणि सुका पास्ता. बोलोन्याची बाई पास्त्याचं पीठ अंड्यांत भिजवते. पुलियातली बाई रव्यात नुसतं पाणी घालते. टस्कनीत तर रोजच्या पावात मीठच नसतं! डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीतल्या बैठकीत युनेस्कोनं इटालियन स्वयंपाकाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं (आपली दिवाळीही त्याच बैठकीत त्या यादीत गेली). पण इटलीत कुणाच्याही घरी जेवायला बसा, समोर येतं ते त्या खोऱ्याचं जेवण.

आम्ही उतरलो होतो ते खोरं गार्फान्यानाचं. लुक्का शहराच्या उत्तरेला, सेर्किओ नदीच्या काठाकाठानं वर गेलं की लागतं. पहिल्याच रात्री परमुलखात गाववाला भेटावा तसं झालं. ‘फार्रो’ नावाचं धान्य पांढऱ्या घेवड्याबरोबर शिजवून सूप म्हणून पुढ्यात आलं. बघते तर आपला खपली गहू! सांगली-कोल्हापूरकडे ज्याची खीर करतात तोच. इथे गुळाऐवजी वरून ऑलिव्ह तेलाची धार.

पण या डोंगरांना शतकानुशतकं जगवलं ते चेस्टनटनं. फणसाच्या आठळीची आठवण करून देणारं हे पिठूळ, गोडसर फळ. ‘मेतातो’ नावाच्या दुमजली खोपटात वर फळं पसरायची, खाली मंद विस्तव ठेवायचा, तो थेट चाळीस दिवस. मग सोलून दळायचं. त्या पिठाला धुराचा वास असतो. पाण्यात कालवून लोखंडी तव्यांच्या जोडीत भाजलं की झालं ‘नेच्चो’, म्हणजे आपलं धिरडंच म्हणा ना. आत रिकोटा, म्हणजे ताजं मऊ चीज, घालून गुंडाळायचं. लुक्काच्या एका खाणावळीत आम्ही हेच मागवलं होतं. बशी सुरेख होती, बिलही तसंच होतं. चव मात्र घरच्या चुलीपाशी कळली.

घरच्या आजी नव्वदीच्या घरातल्या. आम्हांला एकामागून एक वाढत होत्या. स्वतःच्या ताटात पांढऱ्या पावाचा तुकडा. मी आग्रह केला, तर त्या हसल्या आणि काहीतरी बोलल्या. सूनबाईंनी उलगडून सांगितलं, ‘त्या म्हणतात, माझ्या वाट्याचं मी लहानपणीच खाऊन संपवलं.’

१९४४ च्या हिवाळ्यात युद्धाची आघाडी या खोऱ्यातच अडकून पडली होती. नाताळच्या दुसऱ्या दिवशी जर्मनांनी इथे हल्ला चढवला, तेव्हा तो अडवायला आठवी भारतीय डिव्हिजन धावून आली होती. मराठा पलटण याच डिव्हिजनमधली. खालून धान्य वर येईना. सकाळी चेस्टनटची लापशी, दुपारी नेच्चो, रात्री पुन्हा लापशी. आजी तेव्हा सात-आठ वर्षांच्या.

मला सासूबाई आठवल्या. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाऊन त्यांनी दिवस काढले. पुढे कधी ज्वारी जरा लालसर निघाली की त्या अर्ध्या ताटावरून उठत. ‘पौष्टिक असते’ वगैरे आम्ही सांगायचो. कोणाला सांगत होतो!

आता हे पीठ महाग झालंय, त्याला सरकारी शिक्का मिळालाय, शहरातले लोक ते मुद्दाम शोधत येतात. सूनबाईंना त्याचा अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. आजींना त्यातली गंमत वाटते. ‘याला पैसे देतात?’ असं त्या दर शरदात विचारतात म्हणे.

तरी हातातलं माप सुटलेलं नाही. पीठ किती सैल, तवा किती तापलेला, हे सूनबाई अजून त्यांनाच विचारतात. आजी चाखून बघत नाहीत, नुसता वास घेतात.

नातवानं चौथा नेच्चो मागितला. आजींनी तवा पुन्हा विस्तवावर धरला.