मुलचेऱ्याचा बाजार आणि कोरा कागद

सकाळी ६.१०
आधी पेट्रोल. पंप लांब, म्हणून किराणा दुकानातली बाटली. लिटरमागे पंधरा रुपये जास्त आणि पावती नाही. हा फरक व्यसन आणि मनाच्या दुखण्यांवर काम करणाऱ्या समुपदेशक ताईंच्या खिशातून जातो. पगार महिना १८,०००, करार अकरा महिन्यांचा. त्यांच्या गाडीवर मागे नर्स बसते, मांडीवर रक्तदाबाचं यंत्र. मी दुसऱ्या गाडीवर.

८.३०
गडचिरोली जिल्ह्याचा मुलचेरा तालुका, एका बंगाली वस्तीचा आठवडी बाजार. १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांना सरकारनं इथं वसवलं. मासळी त्यांची. झाडू आणि टोपल्या माडिया बायांच्या. मिरचीवाला तेलुगू बोलतो. ताईंची घरची बोली माडिया, मराठी आश्रमशाळेतली, तेलुगू बाजारातली. बंगाली येत नाही.

ग्रामपंचायतीच्या ओसरीवर टेबल लागतं. फलकावर ‘मोफत तपासणी’ एवढंच. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी. पितो म्हटलं की पोलीस येतील, असं लोक धरून चालतात. म्हणून सुरुवात रक्तदाबापासून. दंडाला पट्टा बांधता बांधता ताई विचारतात, रात्री झोप लागते का? जेवण जातं का? एवढं करून बाजारात त्यांचं नाव ‘दारूवाली मॅडम’च पडलंय.

९.४०
चाळिशीचा माणूस, सोबत बायको. ताई त्याला दोन्ही हात पुढे करायला लावतात आणि पंजांवर कोरा कागद ठेवतात. कागद फडफडतो. वारा नाही. कपाळावर घाम.

“शेवटची कधी घेतली?”

तो बायकोकडे बघतो. “परवा सांजेले. सोडली म्हटलं ना मॅडम.”

इथं ताईंचा आवाज बदलतो. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली की दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. झटके येतात, भास होतात, जीवही जातो. घरचे मात्र खूश असतात, सोडली म्हणून. काल रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसल्या, असं बायको सांगते. नर्स १०८ लावते. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात न्यायचं. गाडी फुकट, पण धानाची कापणी चालू आहे. बायकोची अडीचशे रुपये रोजी बुडणार, तीही किती दिवस कोण जाणे. ती हिशेब करते, मग बाजाराची पिशवी शेजारणीकडे देते. गाडी यायला पाऊण तास. तेवढा वेळ नर्स त्याच्याजवळून हलत नाही.

११.००
खर्रा खाणारी पोरं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटलेला, वीस रुपयांचा. ताई म्हणतात, तीन बोटं उभी तोंडात घाला. तिघांची जातात. चौथ्याची दोनच. तो हसतो, मग हसत नाही. ताई खडूनं फरशीवर लिहितात: दिवसाला तीन खर्रे, साठ रुपये, महिन्याला अठराशे. “माह्या मोबाईलचा हप्ता एवढाच हाय,” तो म्हणतो. तोंड दंतवैद्याला दाखवायची चिठ्ठी घेतो. जाईल का, सांगता येत नाही.

१२.३०
एक बंगाली बाई. काहीतरी सांगायचंय, मराठी पुरत नाही. मासळीवाला आपणहून पुढे येतो, “मी सांगतो ना.” ताई त्याला हात जोडून परत पाठवतात. घरचं दुखणं शेजाऱ्याच्या तोंडून आलं तर संध्याकाळी ते सगळ्या वस्तीत पोचेल. बंगाली बोलणाऱ्या आशाताईंना फोन. त्या शेतातून येतात, पायाला चिखल. तिघी शाळेमागे तासभर बसतात. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. आशाताईंच्या मोबदल्याच्या यादीत दुभाषेपण नाही.

२.१५
डबा. भात, वरण, सुकट.

३.२०
माडिया टोला. कोणी नसताना आवाज ऐकू येणारी तरुण बाई. ताई गोळ्या मोजतात: सात उरायला हव्या होत्या, अकरा उरल्यात. ओरडणं नाही. कारण विचारतात. सकाळी गोळी घेतली की गुंगी येते, विळा हातातून सुटतो. म्हणून कापणीच्या दिवशी ती गोळी घेत नाही. मला हे कारण अगदी बरोबर वाटलं. गोळी रात्री देता येईल का, हा प्रश्न ताई डॉक्टरांसाठी वहीत टिपतात.

गावचे पुजारी ओट्यावर आहेत. तिला बरं करायला त्यांनी मागच्या महिन्यात कोंबडा मागितला होता. ताई जोहार करतात, खाली बसतात. “तुमचं तुम्ही करा बाबा. फक्त गोळी चुकू देऊ नका.” पुजारी मान डोलावतात. गोळीची आठवण तेच करून देतील, असं ठरतं.

६.४५
ताईंच्या खोलीवर रजिस्टर. अहेरीहून निरोप आला आहे: माणूस दाखल झाला, सलाईन चालू. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी रात्री चालेल. पण हे टोल्यावर कळवायचं कसं? तिथं नेटवर्क नाही. बाजारात वाटतात ती १४४१६ या मानसिक मदतीच्या मोफत ‘टेली-मानस’ क्रमांकाची चिठ्ठीही तिथं कामाची नाही. उद्या ताईंना पुन्हा जावं लागेल. पेट्रोल एक लिटर, बाटलीतलं.