बोगद्याबाहेरचा हिशेब

‘मेट्रो २०३३’ या गेममध्ये बंदुकीची गोळी हाच पैसा आहे. अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत तग धरून राहिलेल्या माणसांकडे गोळ्या दोन तऱ्हेच्या असतात. एक युद्धाआधी लष्करी कारखान्यात तयार झालेली, चकचकीत आणि जोरकस. दुसरी भुयारातच हातांनी भरलेली, मळकी, कमी ताकदीची. बाजारात चलन म्हणून चालते ती पहिली. पण ती बंदुकीतही चालते. त्यामुळे अंधारातून एखादं जनावर अंगावर आलं आणि घाबरून चांगल्या गोळ्या झाडल्या, की जीव वाचतो आणि खिसा रिकामा होतो. पुढच्या स्टेशनावर दुकानात झकास बंदूक टांगलेली असते आणि ती नुसती बघून पुढे जावं लागतं.

मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. बिन कार्डावर आवक-जावक लिहिण्यात निम्मी नोकरी गेली, उरलेली संगणकावर तेच करण्यात. गोळीबाराचे गेम मला कधी आवडले नाहीत, कारण तिथे माल संपतच नाही. हजार गोळ्या झाडा, कोपऱ्यावर पुन्हा हजार ठेवलेल्या. कोणी आणल्या, कोणाच्या सहीने इश्यू झाल्या, पत्ताच नाही! भाच्याने ‘मेट्रो’ लावून दिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा गेम बनवणाऱ्यांना साठा म्हणजे काय ते ठाऊक आहे.

या मालिकेचं मूळ कादंबरीत आहे. मॉस्कोत जन्मलेल्या दिमित्री ग्लुखोव्स्की या तरुणाने २००२ साली ‘मेट्रो २०३३’ इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवली. छापील पुस्तक २००५ मध्ये आलं. कल्पना साधी. वरची हवा विषारी, म्हणून उरलेलं मॉस्को खाली राहतं आणि एकेक स्टेशन म्हणजे एकेक देश. वर्तुळाकार मार्ग व्यापाऱ्यांच्या ताब्यात, लाल मार्ग कम्युनिस्टांच्या, काही स्टेशनं चक्क नाझींच्या. यातलं भुयारात राहणं अगदीच मनचं नाही. १९४१ साली जर्मन बॉम्बफेक चालू असताना मॉस्कोकर खरोखर या स्टेशनांवर झोपले होते, आणि त्या वर्षी ६ नोव्हेंबरला स्टालिनने मायाकोव्स्काया स्टेशनाच्या फलाटावरूनच भाषण केलं होतं.

गेम बनवला तो मात्र कीव्हमध्ये. तिथल्या जीएससी गेम वर्ल्ड या कंपनीत ‘स्टॉकर’ या गेमवर काम करणारी काही मंडळी बाहेर पडली आणि २००६ च्या सुमारास त्यांनी फोर-ए गेम्स काढली. ‘मेट्रो २०३३’ मार्च २०१० मध्ये आला, ‘मेट्रो : लास्ट लाइट’ मे २०१३ मध्ये. दरम्यान त्यांची प्रकाशक कंपनी टीएचक्यू दिवाळ्यात गेली. तिचे तेव्हाचे अध्यक्ष जेसन रुबिन यांनी नंतर लिहिलं, की ही माणसं दाटीवाटीने, घडीच्या खुर्च्यांवर बसून काम करत. वीज जाई, ऐन थंडीत हीटर बंद पडे. आणि त्यांचं बजेट सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्यांच्या जेमतेम १० टक्के होतं. हे वाचल्यावर मला गेममधल्या काटकसरीचं नवल वाटेनासं झालं.

हे पहिले दोन गेम बोगद्याचे. वाट एकच. कुठे दिवा विझेल, कुठे छतातून खरखर ऐकू येईल, कोणत्या वळणावर तुमच्याकडे साधारण किती गोळ्या असतील, हे सगळं बनवणाऱ्याने आधीच बसवलेलं. जमिनीवर आलं की गॅस मास्क चढवायचा. मनगटावरच्या घड्याळात फिल्टरची उरलेली मिनिटं दिसतात; ती सरत आली की श्वास जड होतो, काचेवर बाष्प धरतं, मार बसला तर काचेला तडे जातात. टॉर्चची बॅटरी उतरली की हाताने पंप मारून ती चढवायची. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ‘तिखार’ बंदुकीलाही असाच पंप मारावा लागतो, आणि तेवढ्यात समोरचा थांबत नाही. हिशेब आहे, पण रिऑर्डर लेव्हल दुसऱ्याने ठरवलेली. तुम्ही अगदीच नागवे व्हायच्या आत तो कुठेतरी चार गोळ्या ठेवून देतोच.

मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘मेट्रो एक्सोडस’ आला आणि मालिका बोगद्यातून बाहेर पडली.

गेमच्या दुनियेत ‘ओपन वर्ल्ड’ म्हणजे एक मोठा मुलूख मोकळा सोडलेला. कुठून जायचं, आधी काय करायचं, कशाच्या वाटेला जायचंच नाही, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. ‘सर्व्हायव्हल’ म्हणजे त्या मुलखात दारूगोळा, औषध, झोप, हत्याराची झीज या सगळ्याची ददात. गेली कित्येक वर्षं मोठ्या कंपन्या या दिशेला धावताहेत. कारण उघड आहे : मोकळ्या मुलखात माणूस जास्त तास गुंततो आणि नकाशाचा आकार जाहिरातीत छापता येतो. पण नकाशा मोठा केला की टंचाई पातळ होते. प्रत्येक घरात, प्रत्येक पेटीत काहीतरी ठेवावंच लागतं, नाहीतर माणूस तिकडे जाणार कशाला? आणि सगळीकडे काहीतरी असलं, की कशालाच किंमत उरत नाही. शेवटी सॅकमध्ये डेड स्टॉक साठतो आणि खेळणारा भंगारवाला होतो.

‘एक्सोडस’ने यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘अरोरा’ नावाचं वाफेचं इंजिन. नायक आर्त्योम, त्याची बायको आना, तिचे वडील कर्नल मिलर आणि त्यांचे साथीदार या गाडीतून मॉस्को सोडतात आणि वर्षभर पूर्वेकडे जात राहतात. वसंतात व्होल्गाकाठ, उन्हाळ्यात आटलेला कॅस्पियन समुद्र, शरदात तैगाचं जंगल. गेम सगळाच मोकळा नाही. व्होल्गा आणि कॅस्पियन हे ऐसपैस मुलूख, तैगा लांबट दरीसारखी, आणि अधूनमधून जुन्या पद्धतीचे अरुंद, अंधारे टप्पे. मुख्य म्हणजे गाडी सुटली की मागे येता येत नाही. मुलूख मोकळा खरा, पण मुदतीचा. जे घ्यायचं ते गाडी उभी आहे तोवरच.

हिशेबाची रीतही इथे बदलली. गोळी आता चलन नाही, कारण उघड्या रशियात दुकानंच नाहीत. त्याऐवजी दोनच जिनसा : धातूचं सुटं सामान आणि रसायनं. या दोहोंतून सगळं होतं. सॅक उघडून जागच्या जागी मलमपट्टीचं सामान आणि मास्कचे फिल्टर करता येतात. पण नेहमीच्या बंदुकीच्या गोळ्या करायला वर्कबेंच लागतं, आणि ते गाडीत किंवा एखाद्या आडोशाच्या ठिकाणीच मिळतं. बंदुका धुळीने, चिखलाने माखतात आणि ऐन वेळी अडकतात. त्या साफ करायला पुन्हा रसायनंच. म्हणजे एकाच डब्यातून औषध, फिल्टर आणि बंदुकीची निगा. कशाला हात आखडायचा, हे आता बनवणारा ठरवत नाही. ते माझ्यावर आहे, आणि चुकलं तर ओरडायला स्टोअर्समध्ये दुसरं कोणी नाही.

व्होल्गाकाठची एक गोष्ट सांगते. बर्फ वितळतंय, दलदल आहे, वल्ह्याची होडी आहे. नकाशा पडद्याच्या कोपऱ्यात चमकत नाही. आर्त्योम तो एका पाटीवर लावून हातात धरतो आणि तो बघताना समोरून कोण येतंय याकडे तुमचं लक्ष नसतं. काठावरच्या लाकडी चर्चमध्ये एक पंथ आहे. वीज हे पाप, असं तो मानतो आणि नदीतल्या अजस्र माशाला पूजतो. तिथून कात्या आणि तिची छोटी मुलगी नास्त्या आपल्या गाडीत येतात. नास्त्याचं टेडी बेअर हरवलंय. ते आणायला धोक्याच्या जागी जावं लागतं, आणि हिशेबाने बघितलं तर हा धंदा बुडीत खात्याचा. आणून देण्याची सक्ती नाही. तसंच गाडीतल्या स्तेपान या साथीदारासाठी गिटार. मी दोन्ही आणलं. पुढच्या प्रवासात डब्यात जाऊन बसलं, की स्तेपान गिटार वाजवतो आणि बाकीचे गप्पा मारतात. तिथे बसून राहायला गेम तुम्हाला काही देत नाही आणि तरी उठवत नाही.

माझ्या मते ‘एक्सोडस’ जिंकतो तो इथे. टंचाईला कोणीतरी धनी लागतो. बोगद्यात आपण स्वतःसाठी गोळ्या राखत होतो. इथे डबाभर माणसांसाठी. शरण आलेल्यावर गोळी झाडली की नाही, त्या पंथातल्या साध्या माणसांना मारलं की चुकवून गेलात, याचीही नोंद गेम मुकाट्याने ठेवतो आणि पुढे साथीदारांच्या नशिबात वसूल करतो. मला मारामारी टाळून जाणंच परवडतं. गोळ्याही वाचतात.

दिवस-रात्रीचा खेळही असाच कामाचा. आडोशाला झोपून सकाळी उठायचं की रात्री, हे निवडता येतं. दिवसा माणसांचा सुळसुळाट, रात्री जनावरांचा. कॅस्पियनमध्ये मोटार चालवायला मिळते आणि उन्हात सगळंच उघड्यावर असतं. तिथले टोळीवाले लोकांना गुलाम करून राबवतात. तो भाग मला थोडा लांबलेला वाटला. तैगा मात्र उत्तम. आणि एक गोष्ट फारच खटकते. सगळे आर्त्योमशी तासन् तास बोलतात आणि तो गडी तोंडातून ब्र काढत नाही. दोन प्रकरणांच्या मध्ये डायरी वाचून दाखवायला आवाज आहे, बायकोला उत्तर द्यायला नाही!

दुसरी वाट कशी दिसते, ते पाहायचं तर ज्या कंपनीतून ही मंडळी निघाली तिच्याकडे बघावं. जीएससीचा ‘स्टॉकर २’ नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. १९८६ च्या चेर्नोबिल अपघाताभोवती रचलेला, सुमारे ६४ चौरस किलोमीटरचा सलग मुलूख. इथे भूक लागते, झोप येते, सॅकचं वजन वाढलं की दम लागतो, बंदूक झिजते आणि दुरुस्तीचं बिल छातीत धडकी भरवतं. या मालिकेची ख्याती अशी, की तुम्ही नसतानाही तिथली माणसं आणि जनावरं आपापलं जगत असतात. नव्या गेममध्ये ती यंत्रणा सुरुवातीला नीट चालत नव्हती. शत्रू पाठीमागे अचानक उगवत. पुढच्या अपडेट्समध्ये बरीच दुरुस्ती झाली. जमून येतं तेव्हा त्या मुलखाची ओढ वेगळीच. पण तिथे तुम्ही एकटे. राखलं तरी आपलं, उडवलं तरी आपलं.

दोन्ही मालिकांच्या कर्त्यांवर पुढे जे आलं ते मात्र खेळ नव्हता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि कीव्हची माणसं अंथरुणं घेऊन आपल्या मेट्रो स्टेशनांत उतरली. त्या शहरातलं आर्सेनाल्ना हे स्टेशन शंभर मीटरहून खोल आहे. फोर-ए गेम्सने २०१४ मध्येच मुख्यालय माल्टाला नेलं होतं, पण कीव्हचा स्टुडिओ चालू होता. ग्लुखोव्स्कीने युद्धाचा उघड निषेध केला. ऑगस्ट २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने त्याला गैरहजेरीत ८ वर्षांची शिक्षा सुनावली. रशियन लेखक आणि युक्रेनी स्टुडिओ ही जोडी आजही एकत्र आहे. पुढच्या ‘मेट्रो’ची कथा या युद्धामुळे बदलावी लागली आणि ती आणखी काळोखी असेल, असं स्टुडिओनेच सांगितलं आहे.

त्या गेमचा मुलूख आणखी मोठा असावा, असं म्हणणारे बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. ‘मेट्रो’ने मोकळ्या जगाकडे टाकलेलं पाऊल बेताचं होतं, म्हणूनच ते पचलं. नकाशा दुप्पट केला तर रसायनांचे डबेही दुप्पट ठेवावे लागतील, आणि मग गोळी मोजून झाडायचं कारणच उरणार नाही.

ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही, त्यांनी सुरुवात पहिल्यापासूनच करावी. आधीचे दोन्ही गेम २०१४ च्या ‘रेडक्स’ आवृत्तीत सुधारून मिळतात आणि बोगद्यात कोंडून घेतल्याशिवाय व्होल्गाकाठच्या उन्हाची किंमत कळत नाही. आवाज रशियन ठेवावा, खाली इंग्रजी अक्षरं. हे गेम प्रौढांसाठी आहेत. हिंसा आणि क्रौर्य भरपूर, तेव्हा घरात पोरं झोपल्यावरच लावावेत. ‘एक्सोडस’मध्ये पोचलात की पहिल्याच वर्कबेंचवर सगळी रसायनं गोळ्यांत घालू नका. निम्मी राखून ठेवा. फिल्टर आधी, बंदूक मागून.