‘जा, तिच्याशी मैत्री कर’ म्हणून मैत्री होत नाही

आजचा एपिसोड घरात तीन-चार वर्षांचं पोर असलेल्या सगळ्यांसाठी. आई-बाबा, मामा, मावशी, सगळेच.

परवा संगमनेरला घरी गेलो होतो. ताई काळजीत. भाची साडेतीन वर्षांची, बालवाडीला दोन महिने झाले. “कुणाशी बोलतच नाही रे. एकटी पडली तर?” म्हटलं, चल, बागेत जाऊन बघू. भाची वाळूत बसली. हातभर अंतरावर दुसरी मुलगी. दोघी गप्प. पण एकीने वाटी उपडी केली की दुसरीही करायची!

याला पॅरलल प्ले म्हणतात, म्हणजे शेजारी बसून आपापलं खेळणं. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेने १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले, त्यातला हा एक. मिळून खेळणं वयासोबत हळूहळू वाढतं. म्हणजे भाची मैत्रीत नापास नव्हती, तिची सुरुवात झाली होती.

मग आपण काय करायचं? आपल्याकडे याचं उत्तर एका शब्दातच आहे: अंगणवाडी. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मैत्रीचंही तसंच. मुलाला अनोळखी घोळक्यात ढकलू नका, मैत्री त्याच्या अंगणात आणा. फ्लॅटला अंगण नाही? हॉलमध्ये सतरंजी टाका.

एकाच मुलाला बोलवा. दर आठवड्याला तेच मूल, साधारण तीच वेळ, पाऊण तास पुरे. ओळखीचा चेहरा पुन्हा पुन्हा दिसला की भीती कमी होते. ठोकळे, कणकेचा गोळा, भातुकली असं दोघांना पुरेल ते मांडा. जीव की प्राण असलेली बाहुली आधीच कपाटात ठेवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

“मला खेळायला घ्याल का?” याला “नाही” हे उत्तर सहज येतं. त्याऐवजी “मी पाणी आणू?” असं काहीतरी काम मागायला शिकवा. भांडण झालंच, तर लगेच ‘सॉरी म्हण’ नको. “तिलाही लाल ठोकळा हवाय, आता काय करूया?” असं विचारा.

आणि पाहुण्यांसमोर “आमची फार लाजाळू आहे” म्हणू नका. पोरं ऐकतात, आणि तशीच वागायला लागतात.

एक मात्र लक्षात ठेवा. मूल घरच्यांशीही खेळत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, येत असलेले शब्द बंद झाले असतील, तर थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

निघताना ताईने भाचीला विचारलं, “ती कोण गं?” भाची म्हणाली, “माझी वाटीवाली मैत्रीण.” नाव अजून माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी तीच मुलगी ताईच्या हॉलमध्ये येणार आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!