खर्रा आणि पेशीतला शहीद बॉडीगार्ड

हिंजवडीत जॉब करणारा आमचा एक मित्र मूळचा मोहाडीचा. भंडारा-तुमसर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. दिवाळीला गावी गेला की येताना बॅगेत दोन गोष्टी हमखास: आईच्या हातचा चिवडा आणि पन्नीत घोटलेला खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना... टोकलं की ठरलेलं उत्तर, ‘‘काऊन टेन्शन घेतं बे? रोज जिमला जातो. बॉडी आपली आपण रिपेअर करते ना!’’

गंमत म्हणजे, पठ्ठ्या अर्धा बरोबर आहे.

एकदाच वापरा, फेकून द्या

तंबाखूत एनएनके नावाचं रसायन असतं. शरीर ते बाहेर टाकायच्या खटपटीत असताना त्याचे काही तुकडे डीएनएला चिकटतात. डीएनएतल्या ‘जी’ या अक्षरावर नको तिथे मिथाइलचा एक ठिपका बसतो. मग कॉपी काढताना पेशी ‘सी’ऐवजी ‘टी’ लिहून बसते. कॅन्सरची सुरुवात अशाच चुकांतून होऊ शकते.

इथे एंट्री होते एमजीएमटी या एन्झाइमची. तो ठिपका तो उचलतो आणि चक्क स्वतःच्या अंगावर घेतो. डीएनए पुन्हा चकाचक! पण हा ठिपका त्याला परत काढता येत नाही. एक दुरुस्ती, की खेळ खल्लास. पेशी त्याला मोडीत काढते आणि नवा बनवते. म्हणजे स्टॉक लिमिटेड. तुम्ही दर तासाला पुडी सोडणार असाल, तर बिचारा किती पुरणार? तोंडाच्या काही कॅन्सरमध्ये तर एमजीएमटीचा जीनच बंद पडलेला आढळलाय.

डीएनए दुरुस्तीचं हे शास्त्र एवढं मोठं, की २०१५चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यावर संशोधन करणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार या तिघांना मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रजनी भिसे आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात विडीच्या तंबाखूत काम करणाऱ्यांच्या रक्तपेशी तपासल्या. त्यांच्या गुणसूत्रांत मोडतोड जास्त दिसली. तंबाखू नुसती हाताळूनही! आपण तर ती गालात धरून बसतो.

पाणीपुरी टेस्ट

महाराष्ट्रात २०१२मध्ये गुटख्यावर बंदी आली. खर्रा मात्र पन्नीतून फिरतोच आहे. आणि ‘तंबाखू काढून खातो’ ही पळवाटही चालत नाही. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४मध्येच जाहीर केलंय. सुपारीने तोंडाची आतली कातडी कडक होते, जबडा उघडेनासा होतो. हे नुकसान सहसा पूर्ण भरून येत नाही.

आमच्या मित्राला हे कळलं एफसी रोडवर. पाणीपुरी तोंडात जाईना! डेंटिस्टने आरशासमोर उभं करून तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली.

त्याचा खर्रा बंद होऊन आता तीन महिने झाले. दर महिन्याला तपासणी असते. यंदा गावाहून येताना बॅगेत फक्त चिवडा होता.

तुमची किती बोटं जातात? आरसा जवळच असेल. बघा तर खरं!